नेरूळचा ळ

ठाण्यात नवे आहात, मराठीही नवी. मग आधी ळ पकडा. कळव्याला 'कलवा' आणि नेरूळला 'नेरुल' म्हणालात तरी तिकीट मिळेल. पण 'वेळ आहे का?' ऐवजी 'वेल आहे का?' विचारलंत, तर समोरचा बाल्कनीतली कुंडी दाखवेल!

जिभेचं टोक मागे वळवून टाळूला लावा, झटकन पुढे सोडा. प्रमाण हिंदीत हा ध्वनी नाही. गुजराती, कन्नडमध्ये आहे. तमिळमध्ये याशिवाय आणखी एक वेगळा आहे, 'तमिळ' या नावातलाच. त्यात जीभ टाळूला टेकत नाही. आपण दोन्हींना ळच लिहितो, तिथे फसू नका.

आणि ळ गावंढळ वगैरे नाही हं, ऋग्वेदाची सुरुवातच 'अग्निमीळे'ने होते. मराठीत तो शब्दाच्या सुरुवातीला येत नाही, तेवढी तुमची सुटका.