गवत जाळलं की गवत वाढतं का?

प्रश्न : लांजा तालुक्यात आमची काजूची बाग आहे. बागेखालच्या वरकस, म्हणजे हलक्या गवताळ जमिनीतून दर साली फेब्रुवारी-मार्चमध्ये वणवा वर चढतो. गेल्या साली मोहोरात आलेली चाळीस कलमं होरपळली. वाडीत बोलले तर उत्तर मिळतं, ‘गवत जाळल्याशिवाय पुढच्या साली चांगलं येत नाही.’ हे खरं आहे का? आणि बाग राखायची कशी?

उत्तर : ताई, मोहोरातलं कलम होरपळलेलं बघणं फार जड जातं. तीस वर्षं मी वनखात्यात काढली, आधी वनरक्षक, मग वनपाल. बहुतेक उन्हाळे हातात ऐनाचा डहाळा घेऊन आगीमागे धावण्यात गेले. बांबूवर बांबू घासून वणवा लागतो असं लोक सांगतात, मला तसा एकही भेटला नाही. माग काढत गेलं की शेवटी काडी, विडी, भाजावळीचा (शेतात पालापाचोळा जाळतात त्याचा) निखारा नाहीतर विजेच्या तारेची ठिणगी, यांपैकीच काहीतरी निघायचं.

आता गवताचं. जाळलेल्या उतारावर काही दिवसांत हिरवा फुटवा दिसतो, हे खरं आहे. वाळकी पात गेल्यामुळे बुडख्याला ऊन लागतं. गुरं तिकडेच धावतात आणि समज पक्का होतो. पण त्या गवताची राख मृगाच्या पहिल्या सरींबरोबर ओढ्याला जाते, आणि दर साली जाळलेल्या जमिनीत मागे उरते ती कुसळी, म्हणजे टोचऱ्या कुसळांचं गवत. तिचं एक कुसळ तळहातावर घ्या आणि पाण्याचा थेंब सोडा. शेपटीचा पीळ सुटायला लागतो, कुसळ आपोआप वळवळतं. त्याच पिळाने ते बी जमिनीत शिरतं आणि वरून आग गेली तरी सुखरूप राहतं. मारवेलसारखं गुरांचं आवडतं गवत मात्र मागे हटत जातं. वाडीतल्या गुराख्यांना हे प्रत्यक्ष दाखवा. कुसळी पिकली की गुरांच्या तोंडाला टोचते, हे त्यांना तुमच्या-माझ्याहून जास्त ठाऊक आहे.

झाडांचं काय होतं, तेही सांगतो. एका उतारावर गुडघाभर उंचीचं किंजळाचं रोप होतं. यंदाचंच असेल, असं वाटलं. बुंध्याशी माती उकरली तर मूळ माझ्या मनगटाएवढं जाड! कित्येक वर्षं ते दर पावसाळ्यात फुटत होतं आणि दर उन्हाळ्यात जळत होतं. पुढे गावकऱ्यांनी तो उतार चार वर्षं राखला. ते किंजळ माझ्या डोक्याच्या वर गेलं.

बागेसाठी जाळरेषा, म्हणजे आग अडवणारा मोकळा पट्टा, हवीच. वनखातं वणव्याचा हंगाम १५ फेब्रुवारी ते १५ जून धरतं. त्या तारखेवर विसंबू नका, तोवर तुमच्या काजूला मोहोर आलेला असतो. डिसेंबर संपायच्या आत बागेभोवती दहा फूट पट्टा साफ करा, आणि खालच्या अंगाला वीस फूट. उताराने चढणारी आग पुढचं गवत आधीच तापवत येते, म्हणून ती वर फार वेगाने धावते. नुसतं कापून भागत नाही. कापलेलं गवत उचला, पाला झाडून काढा, माती दिसली पाहिजे. महिन्याभराने पुन्हा एक फेरी मारा, कारण पाला पडतच राहतो. कलमांखालचा पाला खड्ड्यात घाला, खत होईल. पडलेल्या बिया रोज वेचा. काजूच्या टरफलात तेल असतं, ती पेटली की विझता विझत नाही. बागेवरून विजेची तार जात असेल तर तिच्याखालीही गवत ठेवू नका आणि लोंबणाऱ्या तारेचा अर्ज लेखी द्या.

दाढ (भाताची रोपं करायची जागा) भाजायची असेल तर पहाटे भाजा. नऊ-दहानंतर खारा वारा सुटतो आणि निखारा बांध ओलांडून जातो. चार माणसं, पाण्याच्या कळश्या आणि हिरवे डहाळे जवळ असू द्या. राख थंड होईपर्यंत कुणीही घरी जाऊ नये.

आग दिसली तर १९२६ या वनखात्याच्या क्रमांकावर लगेच फोन करा. देहरादूनच्या भारतीय वन सर्वेक्षण संस्थेकडून उपग्रहाच्या आधारे आगीचे संदेश येतात, पण उपग्रह दिवसातून मोजक्याच वेळा वरून जातो. मधल्या तासांत तुमचा फोनच कामाचा.

प्रश्न : काका, आम्ही कॉलेजची मुलं मार्चमध्ये गडावर मुक्कामाला जाणार आहोत. चूल पेटवली तर चालेल का?

उत्तर : नको रे. घरून भाकरी-चटणी बांधून न्या. राखीव वनात आग लावणं किंवा पेटती सोडून जाणं हा भारतीय वन अधिनियम १९२७ च्या कलम २६ नुसार गुन्हा आहे. पण मला कायद्यापेक्षा तुमची काळजी जास्त आहे. ११ मार्च २०१८ ला तामिळनाडूत थेनी जिल्ह्यातल्या कुरंगणीच्या डोंगरात ट्रेकला गेलेली माणसं वणव्यात सापडली, वीसहून जास्त जण गेले. वाळक्या गवताच्या उतारावर आग माणसापेक्षा वेगाने चढते. कधी खाली धूर दिसला तर वर पळू नका. आडवे सरका आणि जळून गेलेली काळी जमीन किंवा उघडा कातळ गाठा.

वाटेत कुणाची विझवलेली चूल दिसली तर थांबा. तिच्यात पाणी ओता, काठीने ढवळा, मग हाताची पाठ राखेजवळ धरून बघा. ऊब लागली तर आणखी पाणी.