महाडजवळचा सावित्री नदीवरचा जुना दगडी पूल कधीचा होता आणि तो कशामुळे पडला?

पूल ब्रिटिशकालीन, 1928 सालचा. दगडी कमानींचा. मुंबई-गोवा महामार्गावरची कोकणातली पिढ्यान्‌पिढ्यांची ये-जा त्याच्यावरूनच झाली. पुढे शेजारी दुसरा पूल झाला, तरी एका बाजूची वाहतूक जुन्यावरूनच सुरू ठेवली होती.

सावित्री उगम पावते महाबळेश्वरला. तिथे मुसळधार कोसळला की महाडला बघता बघता पूर येतो. 2 ऑगस्ट 2016 च्या रात्री अशाच पुरात पूल कोसळला. काळोखात पुढे रस्ताच उरलेला नाही हे चालकांना दिसणार कसं? जयगड-मुंबई आणि राजापूर-बोरिवली या दोन एसटी आणि एक तवेरा नदीत गेल्या. गढूळ पाण्यात गाड्या शोधायला क्रेनला बांधून लोहचुंबक सोडावं लागलं.

कारण म्हणाल तर असे पूल बहुधा कमानीत नाही, पायाशी हरतात: पुराचं पाणी खांबाखालची माती-वाळू खरवडत नेतं, आणि वरून डांबर धडधाकट दिसत राहतं. म्हणून नुसती वरवरची पाहणी मला अक्षम्य वाटते.

नवा पूल 165 दिवसांत बांधून 5 जून 2017 ला खुला झाला.