‘स्पिन’ला फिरकी म्हणावे की परिवलन?

प्रश्न असा आहे : जड आयनांच्या (इलेक्ट्रॉन गमावलेल्या जड अणूंच्या) माऱ्याने अणुकेंद्राचे भंजन (फिशन) होते, म्हणजे ते दुभंगते, तेव्हा सुट्या होणाऱ्या खंडांच्या ‘स्पिन’ला मराठीत काय म्हणावे? फिरकी, परिवलन की कोनीय संवेग (फिरण्याचा जोर मोजणारी राशी)?

मी परिवलन म्हणेन. इलेक्ट्रॉनसाठी मात्र हा शब्द मी जपून वापरतो. त्याचा १/२ स्पिन हा अंगभूत गुण आहे. इलेक्ट्रॉन गरगर फिरतो असा त्याचा अर्थ होत नाही, म्हणून तिथे ‘स्पिन’ तसाच ठेवलेला बरा. भंजनातला खंड निराळा. शंभरेक न्यूक्लिऑनांचा (प्रोटॉन-न्यूट्रॉनांचा) लांबट खंड खरोखर सगळाच्या सगळा फिरतो आणि गॅमा किरण सोडत मंदावतो. त्या किरणांवरूनच त्याचा स्पिन काढतात.

मराठीची खरी सोय तर पुढेच आहे. पृथ्वी स्वतःभोवती फिरते ते परिवलन, सूर्याभोवती फिरते ते परिभ्रमण, ही जोडी आपल्याला शाळेपासून पाठ असते. इथे तीच हवी. आयन अणुकेंद्राच्या मध्यावर न आदळता बाजूने आदळला, की दोन्ही मिळून झालेल्या संयुक्त अणुकेंद्राला मोठा कोनीय संवेग मिळतो. ते दुभंगताना त्याचे वाटे पडतात : खंडांच्या एकमेकांभोवतीच्या परिभ्रमणाचा एक आणि प्रत्येकाच्या परिवलनाचा एकेक. दोन सारखे गोल एकमेकांना घट्ट चिकटून फिरताहेत असे धरले, तर परिभ्रमणाकडे ५/७ आणि प्रत्येक खंडाकडे १/७ जातो. एकूण ७० एच-बार (अणुविश्वातले कोनीय संवेगाचे एकक) असेल, तर प्रत्येक खंडाकडे १०. नुसते ‘कोनीय संवेग’ लिहिले तर यातला कोणता वाटा, हे वाचकाला कळणार नाही. ‘फिरकी’ सुटसुटीत आहे, पण तिला परिभ्रमणासारखा जोडीदार नाही.

‘वाट्याला आलेले परिवलन’ असे मात्र सरसकट लिहू नये. कॅलिफोर्नियम-२५२ हे जड अणुकेंद्र आयनांच्या माऱ्याविना आपणहून भंगते. त्याचा मूळचा स्पिन शून्य, तरी खंड सहा-सात एच-बारच्या आसपास स्पिन घेऊन निघतात. फ्रान्समधील ऑर्से येथील प्रयोगांत २०२१ साली जोडीतल्या दोन खंडांच्या स्पिनच्या आकड्यांत काहीच परस्परसंबंध दिसला नाही. त्यावरून संशोधकांनी निष्कर्ष काढला की परिवलन खंड विलग झाल्यावर उपजते. त्यावर सिद्धांतकारांत वाद आहे. जड आयनांच्या भंजनात वाट्याला आलेले आणि उपजलेले अशी दोन्ही परिवलने मिसळलेली असतात, म्हणून नुसते ‘खंडांचे परिवलन’ बरोबर.

एक अपवाद सांभाळावा लागतो. कथिल-१३२च्या जवळपासचे खंड जवळजवळ गोल असतात. त्यांचा स्पिन सुट्या न्यूक्लिऑनांच्या कोनीय संवेगांची बेरीज होऊन बनतो, सगळा खंड फिरून नव्हे. तिथे मी ‘खंडाचा एकूण कोनीय संवेग’ असेच लिहीन.