वडील रोज पितात, पण घरात भांडण नाही, शेतीही नीट करतात. व्यसन लागलंय हे कसं ओळखायचं?

भांडण नाही, काम बुडत नाही, म्हणून व्यसन नाही, हा हिशेबच चुकीचा आहे. आमच्या घरची दोन वर्षं याच हिशेबात गेली.

आम्ही वर्धा जिल्ह्यातले. जिल्ह्यात 1974 पासून दारूबंदी, पण गावात मोहाची कधी कमी पडली नाही. बाबा संध्याकाळी पिऊन यायचे, जेवून झोपायचे. कोणावर हात उचलला नाही, एक पेरणी चुकवली नाही.

पोळ्याला बैलांची शिंगं रंगवायचं काम त्यांचं. तशी रेघ गावात दुसऱ्या कोणाची येत नसे. मी बारावीत होते त्या वर्षी ते सकाळी ब्रश घेऊन बसले आणि रंग बैलाच्या कपाळावर ओघळला. ब्रश ठेवून गोठ्यामागे गेले. थोड्या वेळाने आले आणि दोन्ही शिंगं एका हाताने सरळ रंगवून काढली. त्याच्या कितीतरी आधी त्यांनी बशीतून चहा पिणं सोडलं होतं, पेला दोन्ही हातांनी धरायचे. घरी दाढी करणारा माणूस न्हाव्याकडे जायला लागला होता. आईला दिसत होतं, मला दिसत होतं. काका म्हणाले, "वय झालं त्याचं. कमावून पेते, कोणाचं काय जाते?" बाबांचं वय तेव्हा 52.

सकाळी हात थरथरतो आणि घोट घेतला की थांबतो, याहून मोठी खूण नाही. आधी एका पव्व्यात डोलणारा माणूस दोन पचवून सरळ चालतो, तेव्हा लोक "पचते त्याले" म्हणून कौतुक करतात. तीही खूणच. बाटली लपवणं, विचारलं की अंगावर येणं, "उद्यापासून बंद" म्हणून दोन दिवसांत परत सुरू, हे तर तुम्हाला दिसतच असेल.

पुढच्या वर्षी बाबांनी सामुदायिक प्रार्थनेत सगळ्यांसमोर शपथ घेतली आणि एकदम सोडली. दुसऱ्या रात्री घामाने चिंब झाले, भिंतीवर किडे दिसायला लागले, पहाटे झटका आला. काका बाहेरची बाधा म्हणत होते. आईने कोणाचं न ऐकता गाडी बोलावली. डॉक्टर म्हणाले, रोज पिणाऱ्याने अचानक सोडली की दोन-तीन दिवसांत असं होऊ शकतं, जीवही जातो. बाबा वाचले.

काका आजही म्हणतात, "पेत होता तं चांगला होता, सोडली म्हणून झटका आला." अहो काका, जी सोडल्यावर माणूस मरायला टेकतो ती त्याच्या अंगात किती मुरली असेल? तुमच्याच बोलण्यात उत्तर आहे.

हो, थरथर थायरॉईडनेही येते, म्हणून निदान डॉक्टरांना करू द्या. आणि रोज पिणाऱ्याची घरच्या घरी एकदम बंद करायला लावू नका, औषधांच्या आधाराने सोडवावी लागते. 14446 ही व्यसनमुक्तीची सरकारी हेल्पलाइन आहे, फोनला पैसे लागत नाहीत. न्यायचं ठरलं की घरातल्या मोठ्यांची परवानगी मागत बसू नका. आम्ही काकांना विचारत बसलो होतो.