दोन मुलांसाठी इलेक्ट्रिक बाकफिट्स: आधी ती उभी करून बघा

तुमचा प्रश्न थोडक्यात असा: नेदरलँड्समध्ये अ‍ॅमस्टेलव्हेनला नुकत्याच आलात, मुलगी साडेतीन वर्षांची, बाळ आठ महिन्यांचं. लवकरच एकीची शाळा आणि दुसऱ्याचं क्रेश, म्हणजे पाळणाघर, तेही दोन दिशांना. चारचाकी घ्यायची नाही. पुढे पेटी असलेली दुचाकी बाकफिट्स, तीनचाकी की मागे लांब कॅरिअर असलेली सायकल, हे ठरत नाहीये. आणि पुण्यात कॉलेज सुटल्यापासून तुम्ही सायकलला हात लावलेला नाही.

मी सहा वर्षं दोन मुलांना पेटीत घालून फिरवते आहे. दुकानदार तुम्हाला मोटर, बॅटरी, रेंज यांबद्दल तासभर सांगेल. ते सगळं महत्त्वाचं आहेच, पण माझं पहिलं सांगणं वेगळं आहे. ही सायकल पळताना कशी वाटते यावर निवडू नका, थांबलेली असताना कशी वाटते यावर निवडा. वेगात असताना कोणतीही बरी बाकफिट्स छानच वाटते. पंचाईत होते ती सिग्नलला, दारात, स्टँडवर घेताना आणि मुलांना बसवताना.

आमच्याकडे सायकल येऊन दोन आठवडे झाले होते. लाल सिग्नल, आडवा वारा, पेटीत दोन्ही मुलं. सीट नवऱ्याच्या उंचीला लावलेली होती, त्यामुळे माझ्या पायाची बोटंच कशीबशी जमिनीला टेकत होती. मी मागे वळून कोण येतंय ते बघितलं आणि सायकल डावीकडे कलायला लागली. थोड्या कलापर्यंत सावरता येते, त्यापुढे नाही. सायकलचं वजन पन्नास किलोच्या आसपास, त्यात मुलं आणि दप्तरं. मी तिला फक्त हळू खाली येऊ देऊ शकले. पट्टे लावलेले होते आणि पेटीची कड मुलांच्या खांद्यांपेक्षा वर होती, म्हणून दोघांना खरचटलंसुद्धा नाही. शेजारच्या बाईंनी आपली सायकल टाकली, पेटीला हात घातला आणि ‘एन, ट्वे, द्री’, म्हणजे एक, दोन, तीन, म्हणून माझ्याबरोबर ती उभी केली. घरी पोचेपर्यंत माझे हात थरथरत होते.

चूक कुठे झाली ते नंतर कळलं. घेण्याआधी मी ती रिकामी चालवून बघितली होती आणि थांबून बघितलीच नव्हती. म्हणून तुम्हाला कळकळीने सांगते, चाचणीला जाताना आट्याच्या दहा-दहा किलोच्या दोन पिशव्या घेऊन जा. त्या पेटीत ठेवा, पट्ट्याने बांधा. मग सीट इतकी खाली घ्या की दोन्ही तळपाय पूर्ण टेकतील. दहा वेळा थांबा, दहा वेळा निघा, दोनदा स्टँडवर घ्या, एकदा अरुंद गल्लीत वळवा. घरात जो सर्वांत कमी उंचीचा माणूस सायकल चालवणार असेल, त्याने हे करायचं.

आता प्रकार. तुमच्या आठ महिन्यांच्या बाळामुळे माझं मत पुढच्या पेटीच्या दुचाकीकडे झुकतं. मुलं नजरेसमोर राहतात, वजन खाली राहतं, पावसाला वरून टप लावता येतो. बाळ आपलं आपण नीट बसेपर्यंत कारची बाळसीट पेटीत अडकवायचा होल्डर मिळतो. त्याला स्प्रिंग किंवा दुसरी काही झटका सोसणारी सोय असलेलाच घ्या, कारण इथले विटांचे रस्ते बाळाच्या मानेला सुखाचे नाहीत. अर्बन अ‍ॅरो, बाकफिट्स डॉट एनएल, गॅझेल, राइझे उंड म्युलर या सगळ्या कंपन्यांच्या अशा सायकली आहेत. पुढचं चाक लहान आणि हँडलपासून लांब असतं, म्हणून पहिली दहा मिनिटं सायकल साप वळवळल्यासारखी जाते. चाकाकडे बघू नका, वीस मीटर पुढे बघा. अर्ध्या तासात हात बसतो.

तीनचाकीचा मोह मला समजतो. बरीच वर्षं सायकल न चालवलेल्या माणसाला ती सुरक्षित वाटते, आणि उभी असताना ती खरंच पडत नाही. पण साध्या तीनचाकीला वळणावर आतल्या बाजूला झुकता येत नाही. वेगात वळलात तर आतलं चाक उचललं जातं, आणि सायकलपट्टा एका बाजूला उतरता असेल तर हँडल सतत तिकडे ओढतं. मोटर लागल्यावर तो वेग सहज येतो. कोपनहेगनच्या बुचर्स अँड बायसिकल्ससारख्या झुकणाऱ्या तीनचाकी आहेत, पण महाग. तुम्ही कायम सावकाश चालवणार असाल तर साधी तीनचाकी घ्या, नाहीतर दोन चाकांवर परत हात बसवा. पुण्याच्या ट्रॅफिकमध्ये सायकल चालवलेल्या माणसाला ते जमतं.

मागे लांब कॅरिअरवाली, म्हणजे टर्न जीएसडीसारखी, लांबीला साध्या सायकलीएवढीच असते आणि मुलं आठ-नऊ वर्षांची होईपर्यंत उपयोगी पडते. पण मुलं पाठीमागे, वजन वर, आणि दोघांची भांडणं तुमच्या पाठीशी. धाकटा तीनेक वर्षांचा झाल्यावर तिचा विचार करा. तुमची पार्किंगची जागाच लहान असेल तर गोष्ट वेगळी.

म्हणून टेप घेऊन आजच खाली जा. दुचाकी बाकफिट्स अडीच मीटरच्या वर लांब असते. बेर्गिंगचा, म्हणजे इमारतीतल्या सामान-सायकलींच्या खोलीचा, दरवाजा, त्याआधीचं वळण, उतार, सगळं मोजा. आमच्या ओळखीतल्या एका घरी सायकल आली आणि वळणात अडकली; पहिला हिवाळा ती रस्त्यावर ताडपत्रीखाली राहिली. उतार असेल तर सहा किलोमीटर वेगापर्यंत सायकल ढकलायला मदत करणारं बटण आहे का ते विचारा.

मोटरबद्दल एवढंच. युरोपात कायद्याने 250 वॅट आणि ताशी 25 किलोमीटरपर्यंतच मदत मिळते, त्यामुळे कोणी ‘जास्त पॉवर’ म्हणालं तर दुर्लक्ष करा. विचारायचं ते टॉर्क, म्हणजे चाक फिरवण्याचा जोर. पॅडलपाशी बसवलेली, पायाचा जोर ओळखणारी मोटर घ्या. बॉशची कार्गो लाइन 85 न्यूटन मीटर देते. स्वस्त सायकलींत चाकातली मोटर फक्त पॅडल फिरतंय का एवढंच बघते, म्हणजे भरलेली पेटी घेऊन निघताना, नेमकी गरज असते तेव्हा, मदत उशिरा येते. देश सपाट असला तरी पूल आहेत आणि समोरून येणारा वारा चढापेक्षा वाईट. गिअर चाकाच्या हबमधले घ्या, शिमानो नेक्सस किंवा एन्व्हिओलो. ते सायकल उभी असतानाही बदलता येतात. डिरेल्युअरचे, म्हणजे साखळी एका दातेरी चाकावरून दुसऱ्यावर सरकवणारे, नाही, आणि लाल सिग्नलला जड गिअरमध्ये अडकलात तर निघताना तोल जातो; तोल गेला की काय होतं ते मी वर सांगितलंच. ब्रेक हायड्रॉलिक डिस्कच हवेत. 500 वॅट-अवरची बॅटरी शाळा, क्रेश, दुकान एवढ्याला पुष्कळ होते. थंडीत ती लवकर उतरते, म्हणून काढून घरात आणता येईल अशीच घ्या.

पैशांचं. नवी चांगली सायकल पाच ते सात हजार युरोंत जाते. नवऱ्याच्या कंपनीत विचारा, 2020 पासून कंपनीमार्फत सायकल घेता येते आणि तिच्या किमतीच्या 7 टक्के रक्कम दरवर्षी करपात्र उत्पन्नात धरतात. सहा हजारांच्या सायकलीला ते 420 युरो, आणि कर फक्त तेवढ्यावर. मार्क्टप्लाट्स या जुन्या वस्तूंच्या वेबसाइटवर जुनी घेणार असाल तर दोन्ही किल्ल्या, बॅटरीची किल्ली आणि मूळ पावती मागा. फ्रेमचे जोड हाताने चाचपून बघा. फेब्रुवारी 2024 मध्ये इथल्या ग्राहक सुरक्षा खात्याने फ्रेम तुटण्याच्या धोक्यावरून बाबू (Babboe) या कंपनीच्या मॉडेलांची विक्री थांबवली आणि बऱ्याच सायकली परत मागवल्या गेल्या. त्या स्वस्तात दिसल्या तर फ्रेम नंबर त्या यादीत तपासल्याशिवाय पैसे देऊ नका. विमा कंपन्या बहुधा एआरटी शिक्क्याचं, म्हणजे चोरीविरुद्ध तपासून प्रमाणित केलेलं, कुलूप मागतात, आणि चोरी झाल्यावर दोन्ही किल्ल्या दाखवाव्या लागतात.

हेल्मेटची इथे सक्ती नाही. माझी मुलं घालतात. पट्ट्याबाबत मात्र आमच्याकडे वाद नाही: टक् असा आवाज आल्याशिवाय स्टँड निघत नाही. धाकटी आता स्वतःच ‘टक्’ म्हणते.

एखाद्या शनिवारी सकाळी अ‍ॅमस्टरडॅमसे बोस या मोठ्या उद्यानात या, रस्ते मोकळे असतात. माझी सायकल घ्या आणि हवं तेवढा वेळ चालवा. आट्याच्या पिशव्या मी आणते.