बारा सिलिंडरचं वेड आणि रिक्षाचा एक सिलिंडर

प्रश्न : मी ऐरोलीत रिक्षा चालवतो. मुलगा बारावी सायन्सला आहे. त्याला रोल्स-रॉइसच्या गाडीचं बारा सिलिंडरचं इंजिन बनवायचंय, वह्या त्याच चित्रांनी भरल्यात. शेजारी म्हणतात, पेट्रोल इंजिनाचे दिवस भरले, कॉम्प्युटरला घाला. काय करू?

उत्तर : नमस्कार. शेजारी अगदीच चुकीचं बोलत नाहीत. बेंटलीने आपलं 12 सिलिंडरचं इंजिन 2024 मध्ये बंद केलं. रोल्स-रॉइसची स्पेक्टर तर पूर्ण विजेवर धावते. अशी इंजिनं आखणारी माणसं जगात मूठभर. त्या एका नोकरीवर डोळा ठेवून चार वर्षांची फी भरू नका.

म्हणून मेकॅनिकल सोडायचं का? आधी मुलाला विचारा, बाराच सिलिंडर कशाला? ‘ताकद’ एवढंच म्हणाला तर ते गाडीचं वेड. ताकद आठातही मिळते. खरं उत्तर तुमच्या पाठीला ठाऊक आहे. सिग्नलला उभी रिक्षा कशी थरथरते! एकच सिलिंडर, क्रँकशाफ्टच्या, म्हणजे इंजिन ज्याला गरगर फिरवतं त्या दांड्याच्या, दोन फेऱ्यांत एकच धक्का. चार सिलिंडर घेतले की त्यांत वर-खाली सरकणाऱ्या पिस्टनपैकी दोन वर, दोन खाली. धक्क्यांचा हिशोब मिटायला हवा, पण मिटत नाही. पिस्टनला क्रँकशाफ्टशी जोडणारा कनेक्टिंग रॉड तिरका होत असल्याने पिस्टन वरच्या टोकाला झटक्यात वळतो, खालच्या टोकाला जरा सावकाश. त्या फरकातून दर फेरीला दोनदा हादरा उरतो. एका रांगेतल्या सहा सिलिंडरांत तोही आपसात विरतो. अशा दोन रांगा 60 अंशांच्या कोनात एकाच क्रँकशाफ्टवर बसवल्या की झालं व्ही-12. क्रँकशाफ्ट दर 60 अंश फिरला की एक धक्का, पहिला ओसरायच्या आत दुसरा हजर.

हे ऐकून त्याने वही ओढली आणि गणित मांडायला बसला, तर खुशाल मेकॅनिकलला घाला. त्याची आवड इंजिनाची कमी, कंपनांची जास्त आहे, आणि ते शास्त्र पेट्रोलबरोबर संपत नाही. इलेक्ट्रिक गाडीत इंजिनाचा आवाज गेला, तर मोटरची शिट्टी आणि टायरची घरघर कानावर येऊ लागली. ती कमी करायलाही हीच माणसं लागतात.

शिवाय घराजवळ बघा. ऐरोली, रबाळे, महापेच्या डेटा सेंटरना वीज गेल्यावर जनरेटर लागतात. मोठ्या जनरेटरची डिझेल इंजिनं 12, 16, अगदी 20 सिलिंडरचीही असतात. गंमत म्हणजे त्यातली काही बनवणारी कंपनीही रोल्स-रॉइसच! गाड्यांची रोल्स-रॉइस बीएमडब्ल्यूच्या मालकीची, ही वेगळी. पोराला हे सांगा, बघा चेहरा कसा खुलतो.

पिस्टनच्या हालचालीचं सूत्र त्याला आत्ताच मांडता येईल. त्याला अकरावीची त्रिकोणमिती पुरते. सीईटीत गुण चांगले पडले तर माटुंग्याचं व्हीजेटीआय, नाहीतर वाशीचं फादर अ‍ॅग्नेल. कॉलेजात बाहा या विद्यार्थ्यांच्या गाड्यांच्या स्पर्धेसाठी गाडी बांधणारी टीम असेल, तर पहिल्याच वर्षी त्यात घुसावं. प्रोग्रामिंग मात्र त्याने शिकायचंच, हल्ली इंजिनाचा हादरा आधी कॉम्प्युटरवरच मोजतात. म्हणजे शेजाऱ्यांचंही मन राखल्यासारखं होईल.

आणि रिक्षाचं इंजिन पुढच्या वेळी मेकॅनिककडे उघडेल, तेव्हा त्याला सोबत न्या. सीईटी झाल्यावर.