कंपनीच्या फोन आणि टॅबलेटसाठी एमडीएम (सगळी डिव्हाइस एका जागेवरून सांभाळायचं सॉफ्टवेअर) कुठलं घ्यावं?

आधी फोन कोणाचे ते बघा, कंपनीचे की लोकांचे स्वतःचे, कारण अर्धं उत्तर तिथेच मिळतं. स्वतःचे असतील तर अँड्रॉइडवर वर्क प्रोफाइल पुरे, कंपनीचे अ‍ॅप वेगळ्या कप्प्यात राहतात आणि माणूस सोडून गेला की तेवढंच पुसायचं, त्याचे फोटो-बिटो तसेच राहतात. कंपनीचे असतील तर नवीन फोन घेतानाच अँड्रॉइडसाठी झीरो टच किंवा आयफोनसाठी अ‍ॅपल बिझनेस मॅनेजरमधे नोंद होईल असे घ्या, म्हणजे फोन सुरू केला की आपोआप एमडीएमला जोडला जातो, नाहीतर एकेक फोन हातात घेऊन सेटअप करत बसाल आणि कोणी रीसेट मारला की एमडीएम गायब.

सगळं अ‍ॅपलचंच असेल तर जॅम्फ हे एमडीएम बघा, मायक्रोसॉफ्ट ३६५ आधीच घेतलेलं असेल तर इंट्यून (मायक्रोसॉफ्टचं एमडीएम) प्लॅनमधे आहे का ते तपासा, बऱ्याचदा पैसे आधीच भरलेले असतात आणि कोणाला पत्ताच नसतो!

आणि हो, आयफोन-आयपॅडसाठी अ‍ॅपलचं पुश सर्टिफिकेट (ज्याच्या जोरावर एमडीएम त्या डिव्हाइसशी बोलतं) दरवर्षी रिन्यू करावं लागतं, तेही त्याच अ‍ॅपल आयडीने, त्यामुळे तो आयडी कोणा एकाच्या पर्सनल ईमेलवर अजिबात काढू नका, तो माणूस गेला की सगळे डिव्हाइस परत एनरोल करायची (एमडीएमला नव्याने जोडायची) वेळ येऊ शकते. घ्यायच्या आधी दोन-चार फोनवर ट्रायल घ्या, रिमोट वाइप (लांबून फोन पुसणं) खरंच करून बघा.